वाहकाविना वाणी : एकपार्श्वपट्ट रेडिओची कथा



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन संस्थेची मंडळी घरी आली तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावर सोपविली. तरी त्यांच्या मनात काय होते ते मला कळत होते. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर निजामी राजवटीतील मराठी शिक्षणावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. मी रेडिओवर बोलणार असे सांगितल्यावर एकाने विचारले, "म्हणजे आकाशवाणीवरील मराठी कार्यक्रम का?" नाही; मी बोलणार आहे ते रेडिओच्या लहरींविषयी, आणि त्यांतही एका विशिष्ट प्रकारच्या लहरींविषयी. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते आमचे सर पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांचा विद्यार्थी असून मी भाषेकडे वळलो, याची खंत त्यांनी कधी बोलून दाखविली नाही, पण मला ती ठाऊक होती. त्यांचे जे ऋण माझ्याकडे राहिले ते याच विषयाचे आहे.

प्रारंभ १९६३ सालचा. मी नववीत होतो. काचीगुड्याच्या आमच्या घरी निर्वात नळ्यांचा एक मोठा रेडिओ होता, आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' लावण्याचा मान माझा असे. काटा फिरवीत जाताना दोन स्थानकांच्या मधल्या जागेत कधी कधी एक विलक्षण आवाज लागे. बदके पाण्यात कलकलाट करीत आहेत आणि त्या कलकलाटाला माणसाच्या बोलण्याचा चढउतार आहे, असे काहीसे ते ऐकू येई. बोलणारा माणूसच आहे याविषयी शंका नव्हती. प्रश्नाचा हेल कळे, हसणेही कळे. परंतु एक शब्द समजेल तर शपथ! आजी म्हणे, "पुढे जा, ती भुते बोलतात." मी पुढे जाई, पण मन तेथेच राही.

सरांना विचारले तेव्हा त्यांनी उलट प्रश्न केला : "त्या वेळी रेडिओचा हिरवा डोळा काय करीत होता?" जुन्या रेडिओंत स्थानक नीट लागले की नाही हे दाखविणारी एक हिरवी नळी असे, तिला आम्ही जादूचा डोळा म्हणत असू. दुसऱ्या दिवशी मी पाहून आलो. एरव्ही स्थानक लागले की तो डोळा मिटल्यासारखा स्थिर राही. या भुतांच्या बोलण्यावर मात्र तो प्रत्येक शब्दाबरोबर मिटे आणि शब्द संपताच उघडे. सर म्हणाले, "याचा अर्थ तो माणूस बोलत नाही तेव्हा तेथून काहीच निघत नाही. वाहक नाही. आता आपण त्याला वाहक देऊ."

हा वाहक म्हणजे काय ते येथे सांगितले पाहिजे. साध्या रेडिओकेंद्रातून अखंड निघणारी, एकाच कंप्रतेची म्हणजे फ्रीक्वेन्सीची जी लहर असते ती वाहक लहर. तिच्यावर आवाजाची स्वारी घडवून आणण्याच्या क्रियेला मराठी विश्वकोशाने 'विरूपण' असा शब्द दिला आहे. भाषेचा माणूस म्हणून मला तो शब्द थोडा कठोर वाटतो. रूप बिघडविणे असा त्याचा ध्वनी आहे. परंतु दुसरा अधिक चांगला शब्द मला आजवर सुचलेला नाही, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकारही नाही. असो. वाहकाचे विरूपण झाले की त्याच्या दोन्ही अंगांना नव्या लहरी उत्पन्न होतात. वाहक ७,१०० किलोहर्ट्झचा असेल आणि आवाज १ किलोहर्ट्झचा असेल तर ७,१०१ आणि ७,०९९ अशा दोन लहरी मिळतात. बोलण्यातील सुमारे ३०० ते ३,००० हर्ट्झपर्यंतच्या सर्व कंप्रतांमुळे वाहकाच्या वरच्या बाजूस एक पट्टा तयार होतो आणि खालच्या बाजूस दुसरा. यांना मी पार्श्वपट्ट म्हणतो. वरच्या पट्ट्यात जे असते तेच खालच्यात असते, फक्त आरशातल्यासारखे उलटे. आणि वाहकात? वाहकात आवाजाचा अंशही नसतो. पूर्ण विरूपण केले तरी प्रेषकाच्या एकूण शक्तीपैकी दोनतृतीयांश भाग हा मुका वाहकच खातो; उरलेल्या एकतृतीयांशाची दोन पट्ट्यांत निम्मी निम्मी वाटणी होते. म्हणजे सहा रुपये खर्च करावेत, आणि चार रुपये हमालीत, एक रुपया पत्रात व एक रुपया त्याच पत्राच्या दुसऱ्या नकलेत जावा, तसा हा व्यवहार आहे.

ही उधळपट्टी ज्याने प्रथम स्पष्ट ओळखली त्याचे नाव जॉन रेनशॉ कार्सन. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीत तो गणितज्ञ होता. वाहक गाळावा, एक पार्श्वपट्टही गाळावा आणि उरलेला एकच पट्टा पाठवावा, या कल्पनेच्या एकस्वासाठी त्याने १ डिसेंबर १९१५ रोजी अर्ज केला. एकस्व हाती पडायला १९२३ साल उजाडले. तोवर तारांवर तिचा उपयोग सुरू झालाही होता. १९१८ साली बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग यांच्यामधील टेलिफोनच्या तारांवर एकाच वेळी अनेक संभाषणे नेण्यासाठी हीच युक्ती वापरण्यात आली.

पण पाठविणाऱ्याने जे गाळले ते घेणाऱ्याने भरून काढावे लागते. ग्राहीत, म्हणजे रिसीव्हरमध्ये, नेमक्या त्याच कंप्रतेची एक लहर निर्माण करून ती आलेल्या पट्ट्यात मिसळावी लागते, तेव्हा कोठे मूळ आवाज परत मिळतो. माझी अर्धी हयात मोडी कागदांत गेली, म्हणून मला येथे मोडीची आठवण होते. मोडी लिहिणारा ह्रस्वदीर्घ पाळीत नाही, शब्द तोडीत नाही, लेखणी न उचलता वेगाने लिहून जातो. त्याची जी बचत ती वाचणाऱ्याची मेहनत. मात्र मोडीत वाचणाऱ्याची चूक झाली तर एखादा शब्द बिघडतो, आणि येथे ग्राहीची लहर थोडी चुकली की सगळे बोलणेच बदकांच्या भाषेत जाते.

एक प्रश्न हुशार विद्यार्थी नेहमी विचारतो. शक्ती वाचवायची तर फक्त वाहक गाळावा, दोन्ही पार्श्वपट्ट का ठेवू नयेत? याचे उत्तर सुंदर आहे. दोन्ही पट्टे ठेवले तर ग्राहीतील लहर केवळ कंप्रतेने जुळून भागत नाही, तिचे पाऊलही मूळ वाहकाच्या पावलाशी जुळावे लागते. ते चुकले तर एका पट्ट्याने दिलेले दुसरा पट्टा काढून घेतो, आणि आवाज विरून जातो. एकच पट्टा ठेवला की हे भांडण मिटते. मग कंप्रता जवळपास जुळली तरी पुरते. वीसपंचवीस हर्ट्झचा फरक पडला तर आवाज जरा घोगरा वा किनरा होतो इतकेच.

'जवळपास' या शब्दातच या पद्धतीचा पुढील चाळीस वर्षांचा इतिहास दडलेला आहे. १९२३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळील रॉकी पॉइंट येथून एकपार्श्वपट्ट पद्धतीने बोललेले शब्द अटलांटिकपलीकडे इंग्लंडमध्ये ऐकू आले. पुढे ७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामधील टेलिफोन सर्वांसाठी खुला झाला. तीन मिनिटांचे ७५ डॉलर पडत. त्या सेवेच्या लहरी फार लांब, सुमारे ५,००० मीटरच्या, म्हणजे ६० किलोहर्ट्झच्या आसपासच्या होत्या. आता हिशेब करून पाहा. ग्राहीतील लहर ५० हर्ट्झपेक्षा अधिक चुकू द्यायची नसेल तर ६० किलोहर्ट्झवर १,२०० भागांत एका भागाची अचूकता पुरते. हे त्या काळीही कठीण नव्हते. पण १५ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर तीच ५० हर्ट्झची चूक म्हणजे तीन लाखांत एक होते, आणि पोलिसांच्या गाड्यांत असतात तसल्या १५० मेगाहर्ट्झच्या रेडिओवर तीस लाखांत एक. म्हणूनच ही पद्धती प्रथम आली ती एकरानुएकर पसरलेल्या प्रचंड केंद्रांत. माणसाच्या पाठीवर किंवा मोटारीच्या डॅशबोर्डखाली येऊन बसण्यास तिला पुष्कळ वर्षे लागली. कल्पना अपुरी नव्हती. सुट्या, हलत्या, तापणाऱ्या, गार पडणाऱ्या यंत्रात स्थिर राहील अशी लहर मात्र अजून मिळत नव्हती.

या इतिहासात एक विनोदही आहे. ज्यांनी १९०४ साली रेडिओची पहिली नळी बनविली त्या सर ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांनी १९३० साली 'नेचर' या नियतकालिकात लिहून असे प्रतिपादन केले की हे पार्श्वपट्ट म्हणजे निव्वळ गणिती कल्पना आहेत, त्यांना वास्तवात अस्तित्व नाही. त्या वेळी अटलांटिकवरून लांब लहरींवर रोज जे टेलिफोन होत होते ते केवळ एका पार्श्वपट्टावर, बाकी सारे गाळून! थोर माणसाची चूकही थोर असते. त्यांच्यावर वाद उठला, उत्तरे आली, आणि लोक टेलिफोनवर बोलत राहिले.

आपल्याकडचा संदर्भही या कथेला आहे. पुण्याजवळ खडकी येथे प्रेषक आणि दौंड येथे ग्राही अशी बिनतारी तारायंत्राची जोडी १९२७ साली इंग्लंडशी जोडली गेली. स्वतःच्याच प्रेषकाच्या गर्जनेने ग्राही बधिर होऊ नये म्हणून ही दोन केंद्रे एकमेकांपासून लांब ठेवावी लागत. १९३३ साली त्याच मार्गाने मुंबई आणि लंडन यांच्यात टेलिफोनवरचे बोलणे सुरू झाले. दौंड म्हणजे आपल्या लेखी गाडी बदलण्याचे स्टेशन. मनमाडच्या गाडीसाठी तेथे रात्री ताटकळत बसलेल्या किती प्रवाशांना ठाऊक असेल की या गावाच्या माळावर कधी काळी विलायतेचे बोलणे उतरत होते!

आता सरांच्या प्रयोगाकडे परत येतो. त्या शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत दोन रेडिओ शेजारी शेजारी ठेवले होते. एक शाळेचा आणि दुसरा सरांनी जुमेरात बाजारातून मोडीत घेऊन दुरुस्त केलेला. आम्ही सहासात मुले होतो. पहिल्या रेडिओवर ४० मीटरच्या पट्ट्यात भुतांचा आवाज लावला गेला. मग सरांनी समजावून सांगितले की साध्या रेडिओच्या पोटातही एक छोटा आंदोलक असतो, आणि काटा ज्या जागी असेल तिच्या ४५५ किलोसायकल वर तो आपली लहर निर्माण करीत असतो. (तेव्हा हर्ट्झ हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता.) ती लहर थोडी थोडी बाहेर झिरपते. एरव्ही ती शेजाऱ्यांना उपद्रव देते. आज ती आपल्या कामी येणार होती. सरांनी दुसऱ्या रेडिओचा आवाज पूर्ण बंद केला आणि त्याचा काटा पहिल्यापेक्षा ४५५ किलोसायकल खाली आणून केसाकेसाने सरकवू लागले. पहिल्या रेडिओतून शिटी उमटली. शिटी खाली खाली येत नाहीशी झाली, बदके जाड झाली, मग बारीक झाली, आणि एकाएकी एक इंग्रज गृहस्थ आमच्या प्रयोगशाळेत स्वच्छ शब्दांत बोलू लागला. आमचा श्वास थांबला. तो काय सांगत होता? त्याच्या गावी दोन दिवस पाऊस पडतो आहे, आणि त्यामुळे बागेतले काम राहिले आहे!

मुले खोखो हसली. सर हसले नाहीत. मी धीर करून विचारले, "सर, पण तो अर्धाच आवाज पाठवतो आहे ना? मग उरलेला अर्धा कुठून आला?" सर म्हणाले, "अर्धा आवाज नव्हे, अरे. आवाज पुरा आहे. दोन नकला होत्या, त्यातली एक त्याने पाठवली. आपण फक्त सांगितले की सा कुठे आहे."

हे शेवटचे वाक्य मला तेव्हा कळले नाही. पुढे तंबोऱ्याशी थोडी ओळख झाल्यावर कळले, आणि ते किती अचूक होते हे पाहून मी चकित झालो. गायकाने पट्टी बदलली, सफेद एकवरून काळी दोनवर गेला, तर सर्व स्वर एकाच प्रमाणात वाढतात, त्यांचे परस्परांशी असलेले नाते मोडत नाही. राग तोच राहतो. एकपार्श्वपट्ट ग्राहीत लहर चुकते तेव्हा असे होत नाही. तेव्हा प्रत्येक स्वरात तेवढाच आकडा मिळविला जातो किंवा वजा होतो. समजा षड्ज ३००, पंचम ४५० आणि तार षड्ज ६०० हर्ट्झचा आहे, आणि ग्राही ५० हर्ट्झने चुकला. आता हे स्वर ३५०, ५०० आणि ६५० झाले. ३५० हा षड्ज धरला तर ५०० हा पंचम राहिला नाही, तो तीव्र मध्यमाच्या आसपास घसरला. आणि ६५० हा तार षड्ज नव्हे, तो शुद्ध निषादाजवळ अडखळला. माणसाच्या आवाजातील प्रत्येक स्वराबरोबर त्याचे असेच पटीतले सोबती असतात, त्यांवरून आपला कान आवाज ओळखतो. सोबत्यांचे नाते तुटले की माणूस बदक होतो. वरचा पार्श्वपट्ट आलेला असताना खालचा समजून ऐकले तर त्याहून वाईट : ३०० च्या जागी ३,००० च्या आसपासचे आणि ३,००० च्या जागी खालचे, असे सगळे उलटेपालटे. ही उलथापालथ इतकी परिणामकारक आहे की चोरून ऐकणाऱ्यांस समजू नये म्हणून रेडिओ टेलिफोनवर तिचा मुद्दाम उपयोग होत असे.

एक सांगितले पाहिजे : हा प्रयोग अभ्यासक्रमात नव्हता. परीक्षेपूर्वीचा शनिवार असल्या गोष्टींत गेला म्हणून काही पालकांनी तक्रार केली, आणि सरांना त्याचे उत्तर द्यावे लागले. प्रयोगाची ती सत्रे त्या वर्षी बंद झाली. माझे वडील तक्रार करणाऱ्यांत होते. हे मी आज प्रथमच जाहीर बोलतो आहे.

आता हलत्या, दुतर्फा रेडिओची गोष्ट. गाडीतील पोलिसाने बोलावे आणि ऐकावेही, ही सोय अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाली. १९४० साली कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी डॅनिएल नोबल यांच्या साहाय्याने कंप्रता विरूपण, म्हणजे एफएम, पद्धतीचे दुतर्फा रेडिओ गाड्यांत बसविले. ही पद्धती एडविन आर्मस्ट्राँग यांची. येथे कार्सनचे नाव पुन्हा येते. एकपार्श्वपट्टाच्या बाबतीत ज्याची दृष्टी इतकी स्वच्छ, त्याच कार्सनने १९२२ साली गणिताने दाखवून दिले होते की कंप्रता विरूपणाने पट्टा काही अरुंद होत नाही. आणि त्यावरून असा निष्कर्ष काढला की त्यात काही लाभ नाही. गणित बरोबर होते, निष्कर्ष चुकला. पट्टा रुंद होऊ दिला तर खरखर कमी होते, हे आर्मस्ट्राँगने ओळखले. शहरातल्या गाडीला वीसपंचवीस किलोमीटर बोलायचे असते, शक्ती पुरेशी असते, आणि धावत्या गाडीत सारखी कळ फिरवीत बसायला हात मोकळा नसतो. तेथे एफएमच योग्य ठरली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच वा तिच्यानंतर आलेल्या अंकीय पद्धती आहेत.

परंतु ज्याला हजारो किलोमीटर बोलायचे आहे, त्या विमानाला, जहाजाला, रानातल्या तुकडीला लघुलहरीच हव्यात. तेथे जुन्या पद्धतीची आणखी एक अडचण होती. आकाशातून परतणाऱ्या लहरींत कधी कधी नेमका वाहकच क्षीण होतो आणि पट्टे शाबूत राहतात. मग भरपूर आवाज येऊनही तो फाटका येतो. ग्राहीने वाहक स्वतःच पुरविला तर हा प्रश्नच उरत नाही. १९४७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑस्वाल्ड व्हिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी रेडिओच्या पट्ट्यांवर एकपार्श्वपट्ट बोलणे करून दाखविले, आणि जगभरच्या हौशी मंडळींना नवे वेड लागले. आर्थर कॉलिन्स हा असाच एक हौशी. १९२५ साली, पंधरा वर्षांचा असताना, तो आयोवा राज्यातील आपल्या घरून उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमेशी बोलत होता. पुढे त्याच्या कंपनीने दोन गोष्टी साध्य केल्या. एक, तापमानाने न ढळणारा आंदोलक. दुसरी, यांत्रिक गाळणी : धातूच्या छोट्या चकत्या बारीक तारांनी जोडलेल्या, ज्या ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासच हव्या तेवढ्या अरुंद पट्ट्यात कंप पावतात आणि बाकीचे सारे अडवितात. विजेची लहर क्षणभर धातूचे कंपन होते आणि पुन्हा वीज होते. घुंगरांच्या माळेने नको ते सूर गाळावेत, तसा हा प्रकार.

१९५६ साली अमेरिकेच्या हवाई दलाने लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांसाठी या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या. त्या बाँबफेकी विमानांच्या ताफ्याचे प्रमुख जनरल कर्टिस लमे आणि त्यांचे उपप्रमुख ग्रिसवोल्ड दोघेही हौशी रेडिओचे शौकीन होते, म्हणून सरकारी फाइलींचा प्रवास जरा लवकर झाला असावा, असे आपले मला वाटते. विमानाच्या वेगाने लहर बदलून बोलणे बिघडेल का, ही एक शंका होती. ताशी ९०० किलोमीटर वेगाने १५ मेगाहर्ट्झवर पडणारा फरक सुमारे १२ हर्ट्झचा. आपण वर पाहिले त्याप्रमाणे एवढा फरक कान सहज खपवून घेतो. १९५७ साली कॉलिन्सचा मोटारीत बसविता येईल असा प्रेषकग्राही बाजारात आला. कार्सनच्या अर्जाला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती.

पुढे ही पद्धती ट्रकचालकांच्या हातांतही गेली. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टा १९५८ साली खुला झाला होता. तेथे साध्या पद्धतीला ४ वॉटची मर्यादा, तर एकपार्श्वपट्टाला कमाल १२ वॉट. अशा प्रत्येक यंत्रावर एक छोटी कळ असते, तिला 'क्लॅरिफायर' म्हणतात. नव्या माणसाला वाटते की या कळीने खरखर कमी होते. तसे नाही. ती ग्राहीतील वाहक थोडा पुढेमागे सरकविते. आपला सा समोरच्याच्या सा वर आणून ठेवते. शब्दांकडे लक्ष न देता आवाजाच्या जातीकडे लक्ष द्यावे, किनरा असेल तर एका बाजूस, जाड असेल तर दुसऱ्या बाजूस, आणि माणसासारखा वाटला की हात थांबवावा. सांगायला सोपे आहे. हाताला वळण लागायला आठवडा जातो.

एवढे सगळे मला पुस्तकांतून पुढे कळले. परंतु त्या कळीचा अर्थ मला ज्या दिवशी उमगला तो सांगून थांबतो. २६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला आणि समुद्र अंदमानवर चालून आला. माझा भाचा नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला होता. फोन लागेना. माझी बहीण दोन दिवस देवासमोरून उठली नाही. योगायोग असा की त्या महिन्यात आपल्या हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरलाच होती. हौशी रेडिओच्या जगात अंदमान हे दुर्मीळ ठिकाण. तेथून बोलण्याची परवानगी अनेक वर्षांनी मिळाली होती. भूकंपानंतर त्यांनी आपला मूळ कार्यक्रम बाजूस ठेवला आणि निरोपांची ने-आण सुरू केली.

मंगळवारी दुपारी या शाळेचाच एक माजी विद्यार्थी, ज्याच्याकडे रेडिओचा परवाना होता, आम्हांला नल्लकुंट्यातील आपल्या घरी घेऊन गेला. त्याने यंत्र सुरू केले. पोर्ट ब्लेअर येथून सुमारे साडेसोळाशे किलोमीटर. प्रथम आली ती बदके. बहिणीने माझा हात धरला. तिला वाटले यंत्र बिघडले. मी मात्र चौदा वर्षांचा झालो होतो. तिला म्हटले, "थांब, तो सा लावतो आहे." त्याने कळ केसभर फिरविली आणि एका स्त्रीचा स्वच्छ आवाज आला, ती सावकाश, एकेक अक्षर सुटे करून, नावे वाचीत होती. त्या यादीत आमचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच शहरातील एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. त्याने रेडिओवरून उतरून घेतलेला निरोप वाचून दाखविला : सुखरूप आहे, घर गेले, आईला कळवा. त्याने पैसे घेतले नाहीत, नावही सांगितले नाही.

तोवर सरांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. माझे वडीलही नव्हते.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला प्रयोगशाळेतील कपाट उघडून दाखविले. शाळेचा तो रेडिओ अजून तेथे आहे. हिरव्या डोळ्याची नळी गेली आहे आणि काट्याची दोरी तुटली आहे. बाकी दुरुस्त होण्यासारखा आहे. आमच्या घरचा जुना रेडिओ मी शाळेला देत आहे, म्हणजे जोडी पुरी होईल. ४० मीटरच्या पट्ट्यावर बदके आजही बोलतात. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.